हाकेला ओ

आमच्या मुलीने आणि जावयांनी इंग्लंडमधील राहते घर विकून शिडाची नौका घेतली, ही बातमी सांगलीच्या मार्केट यार्डात पसरायला दोन दिवसही लागले नाहीत. मी हळदीच्या सौद्याला उभा होतो. एका जुन्या अडत्याने हसत विचारले, "आण्णा, लेकीने गलबत घेतले म्हणे. आता हळद थेट विलायतेला पाठवणार का?" सगळे हसले, मीही हसलो. पण त्या रात्री मला झोप लागली नाही. आमच्या चार पिढ्यांत कोणी दुकान बदलले असेल, कोणी पेठ बदलली असेल. राहते घर विकून पाण्यावर संसार थाटणारे कोणी झाले नव्हते.

ही गोष्ट २०२१ सालची. नात तेव्हा नऊ वर्षांची होती आणि नातू पाच वर्षांचा. नौका बेचाळीस फूट लांबीची, आधी दोन मालकांनी वापरलेली. "आण्णा, पाच-सहा वर्षांचाच प्रश्न आहे. मुले लहान आहेत तोवर आम्हांला त्यांच्याबरोबर राहायचे आहे," असे मुलगी म्हणाली. "मग आजवर काय वेगळे राहत होता?" मी विचारले. ती शांतपणे म्हणाली, "सकाळी सातला बाहेर पडून रात्री सातला परतणारी माणसे घरात राहतात की नाही, हे तुम्हीच सांगा." मी उत्तर दिले नाही. दुकानाच्या माझ्या स्वतःच्या वेळा मला ठाऊक होत्या.

माझे आक्षेप तीन होते. पहिला मुलांच्या शिक्षणाचा, दुसरा संस्कारांचा आणि तिसरा समाजाचा. पहिल्या दोहोंना मुलीकडे उत्तरे होती. समुद्र म्हणजे वेडे साहस नव्हे, हे पटवण्यासाठी तिने मला कमांडर दिलीप दोंदे यांच्याविषयी सांगितले. २००९-१० मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 'म्हादेई' ही नौका आपल्या शेजारी गोव्यातच बांधलेली. पण तिसऱ्या आक्षेपावर मी अडून बसलो. अडीअडचणीला चार माणसे धावून येतात, सुखदुःखात शेजारी उभे राहतात, म्हणून माणूस माणसात राहतो. पाण्यावर कोण येणार?

पुढच्याच वर्षी, डिसेंबर महिन्यात, माझे थोरले बंधू गेले. आपला आजार त्यांनी जवळजवळ वर्षभर झाकून ठेवला होता. घरात अर्धवट सांगितले होते. बाजारात तर कोणाला कळूही दिले नव्हते. पेढीचा कर्ता माणूस अंथरुणाला खिळला असे कळले, की देणेकरी सावकाश होतात आणि घेणेकरी घाई करतात, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव. झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ते व्यापारातच नव्हे तर दवाखान्यातही पाळत राहिले. उपचाराची वेळ त्यातच निघून गेली.

त्या वेळी मुलगी कॅनरी बेटांहून निघून अटलांटिक महासागराच्या मध्यावर होती. पलीकडचा किनारा सुमारे पाच हजार किलोमीटरवर, तीन आठवड्यांचा प्रवास. उपग्रहावरून निरोप घेण्याचे लहानसे यंत्र नौकेवर होते. पण मी निरोप पाठवू दिला नाही. भर समुद्रात मुलीचे मन विचलित होऊ नये, असे मी सर्वांना बजावले. बारा दिवसांनी किनारा लागल्यावर तिला कळले. फोनवर ती बराच वेळ काहीच बोलली नाही. माझ्या मनात मात्र एक वाक्य घट्ट बसले: समाज सोडून गेलेल्या माणसाला घरच्या मरणाचीही बातमी लागत नाही. ते वाक्य खोटे आहे, हे कळायला मला दीड वर्ष लागले.

२०२४ च्या जूनमध्ये आमच्या सौ. आणि मी मुंबईहून लंडनमार्गे ग्रेनाडा या कॅरिबियन बेटावर सहा आठवड्यांसाठी गेलो. नातवंडांना भेटायचे हे उघड कारण होते. नात आता बारा वर्षांची झाली होती. तिला शिक्षणासाठी सांगलीला घेऊन यायचे, हा मनातला हेतू मी सौ.लाही सांगितला नव्हता.

त्या समुद्रात १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा हंगाम. बहुतेक वादळे उत्तरेकडून जातात, म्हणून शेकडो नौका या काळात दक्षिणेला, बारा अक्षांशांवरच्या ग्रेनाडाच्या आश्रयाला येतात. विमा कंपन्याही नौका किती अक्षांशांच्या खाली हवी, ते करारात लिहून घेतात. आपल्याकडे चातुर्मासात विहार थांबतो, तसा तिथे प्रवास थांबतो. बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावर वोबर्न गावाजवळच्या खाडीत नांगर टाकून आमच्या मुलीची नौका उभी होती. भोवती कॅनडा, फ्रान्स, इंग्लंड, जर्मनी, अमेरिका अशा अनेक देशांच्या नौका. अनेकांवर मुले होती.

पहिले चार दिवस मी केवळ सावरत होतो. खोली म्हणजे आपल्या घरातील देव्हाऱ्याची खोली असते तेवढी. डोक्यावर छत इतके खाली की नमस्कार केल्याशिवाय आत जाता येत नाही. नातवाने पहिल्याच दिवशी मला नियम शिकवला: चालताना एक हात स्वतःसाठी, एक हात नौकेसाठी. म्हणजे एका हाताने काम करायचे आणि दुसऱ्याने आधार धरून ठेवायचा. खलाशांचा हा जुनाच नियम आहे.

पाण्याची टाकी सुमारे चारशे लिटरची. समुद्राचे पाणी गोडे करणारे यंत्र होते. पण ते सौरऊर्जेवर चालायचे आणि आभाळ भरून आले की थांबायचे. म्हणून भांडी आधी समुद्राच्या पाण्याने धुवायची आणि शेवटी वाटीभर गोड्या पाण्याने. पाणी तुपासारखे वापरावे, असे आमच्या आई सांगत. त्यांचे ते वाक्य पणतवंडे न ऐकताच पाळत होती. वीजही मोजकीच, त्यामुळे दिवसाउजेडीच सर्वांची जेवणे आटोपत. रात्रीचे नऊ म्हणजे नौकावाल्यांची मध्यरात्र, अशी तिथे थट्टाच आहे. सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा आमचा नियम कसा सांभाळायचा, या विवंचनेत आम्ही गेलो होतो. ती विवंचना पहिल्याच संध्याकाळी संपली.

सकाळी आठ ते साडेअकरा मुलांची शाळा. एकाच मेजावर गणित, इंग्रजी, भूगोल. दुपारी आजीकडे मराठी वाचन. नातीकडे आणखी एक काम होते. कोणत्या फळीखाली, कोणत्या कप्प्यात किती तांदूळ, डाळ, तेल, साबण आहे आणि किती दिवस पुरेल, याची वही ती ठेवायची. मी ती वही तपासली. आवक, जावक, शिल्लक, सगळे चोख. आमच्या वखारीच्या दिवाणजींची वही इतकी स्वच्छ नसते, हे मला सौ.जवळ कबूल करावे लागले.

पण मला खरे चकित केले ते सकाळी साडेसातच्या रेडिओसभेने. प्रत्येक नौकेवर एक रेडिओसंच असतो. ठरलेल्या वेळी सर्वजण तो एकाच वाहिनीवर लावतात. एकजण सूत्रे चालवतो. सर्वांत आधी विचारतो, "कोणाला तातडीची मदत हवी आहे का?" मग काही क्षण पूर्ण शांतता. नंतर हवामान, नव्याने आलेल्यांची ओळख, निघणाऱ्यांचा निरोप, कोणाला काय हवे आहे, कोणाकडे काय जास्तीचे आहे. तिथे आडनावाने कोणी कोणाला ओळखत नाही; नौकेच्या नावानेच ओळखतात. मला ते फार ओळखीचे वाटले. बाजारात आम्हीही एकमेकांना पेढीच्या नावानेच हाक मारतो.

एके सकाळी एकाने सांगितले, "माझा पाणी उपसण्याचा पंप बिघडला आहे आणि मला तो दुरुस्त करता येत नाही." पाच मिनिटांत तिघांनी उत्तर दिले. दुसऱ्या दिवशी एक गृहस्थ म्हणाले, "माझ्या पत्नीला घरची फार आठवण येते आहे, चार दिवस ती बाहेर पडलेली नाही. कोणी चहाला याल का?" मी मुलीकडे पाहिले. सर्व खाडी ऐकत असताना माणूस घरातली गोष्ट अशी उघड सांगतो? मुलगी डिंगी, म्हणजे नौकेची छोटी होडी, पाण्यात सोडत होती. "आईला घेऊन जाते. येताना थालीपिठाची भाजणी नेऊ का, आई?" एवढेच ती म्हणाली.

शनिवारी सगळ्या नौकांवरील माणसे किनाऱ्यावर एकत्र जेवत, प्रत्येकजण एक पदार्थ घेऊन. आम्ही कांदा, लसूण, बटाटा खात नाही हे रेडिओवरून कधी पसरले कोण जाणे. पण दुसऱ्या शनिवारी एका कॅनेडियन बाईंच्या भांड्यावर चिठ्ठी होती: 'आजी-आजोबांसाठी. यात जमिनीखालचे काहीही नाही.' सौ.चे डोळे भरून आले. मी मनात म्हटले, हे ठीक आहे. पण ही माणसे नोव्हेंबरात पांगणार. यांच्यात सोयरीक नाही, देणेघेणे नाही, पिढ्यांचा संबंध नाही. जिथे काही गमवायचे नसते तिथे गोड वागणे सोपे असते.

मध्यंतरी एक दिवस मसाल्याचा व्यापारी म्हणून ग्वाव गावातील जायफळाचे केंद्र पाहून आलो. त्या देशाच्या ध्वजावरही जायफळ आहे. जायफळे पाण्यात टाकतात. बुडते ते उत्तम, तरंगते ते हलके. २००४ च्या सप्टेंबरात इव्हान नावाच्या चक्रीवादळाने बेटावरील जायफळाची बहुतेक झाडे आडवी केली. नवे झाड फळाला यायला सुमारे सात वर्षे लागतात. एका दिवसात पिढीची पुंजी गेली, हे ऐकून माझ्यासारख्याच्या पोटात गोळा आला. वादळाचे नाव तिथली माणसे हळू आवाजात का घेतात, ते तेव्हा कळले.

२९ जूनच्या शनिवारी सकाळी रेडिओसभेत हवामानाचाच विषय होता. बेरिल नावाचे वादळ पूर्वेकडून येत होते. त्याच दिवशी ते चक्रीवादळ झाले आणि रविवारी चौथ्या श्रेणीचे झाले. जून महिन्यात इतके प्रबळ वादळ त्या महासागरात नोंदले गेले नव्हते. काही नौका त्रिनिदादकडे, सुमारे दीडशे किलोमीटर दक्षिणेला, रातोरात निघाल्या. आमच्या मुलीने आणि जावयांनी कांदळवनात आश्रय घ्यायचे ठरवले. खाडीच्या आतल्या अरुंद भागात नौका नेऊन कांदळाच्या झाडांना दोरांनी चहूबाजूंनी बांधायची, शिडे उतरवायची, वारा अडेल असे सगळे काढून ठेवायचे.

पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ तिथे एकटेच नौकेवर राहत. त्यांनी रेडिओवर सांगितले, "मी एकटा आहे आणि आता माझ्या हातांत जोर नाही. मला दोन माणसे हवीत." दोनांच्या जागी सातजण गेले. खाडीत सर्वांत आधी बांधली गेली ती त्यांची नौका. जावई स्वतःच्या नौकेवर परतले तेव्हा दुपार टळून गेली होती. मी थोडा चिडून म्हणालो, "आधी आपले घर सांभाळायचे." ते म्हणाले, "आण्णा, त्यांची नौका सुटली तर ती आपल्यावरच येऊन आदळेल." व्यापाऱ्याला हे गणित लगेच कळायला हवे होते.

आम्हा दोघांना आणि मुलांना वोबर्नमधील एका बाईंनी आपल्या पक्क्या घरात ठेवून घेतले. मुलगी त्यांच्याकडून भाजी घेत असे, एवढीच ओळख. त्यांचे पूर्वज भारतीय. १ मे १८५७ रोजी 'मेडस्टोन' नावाच्या जहाजातून मळ्यांवर राबण्यासाठी पहिले भारतीय करारबद्ध मजूर ग्रेनाडात उतरले. त्यानंतर आलेल्या कोणाच्या तरी त्या वंशज. कोणत्या गावाहून, ते त्यांना ठाऊक नव्हते. "आमच्या लोकांनी घरी निरोप पाठवलाच नसेल, नाहीतर पोहोचला नसेल," त्या म्हणाल्या. त्यांच्या स्वयंपाकघरात डाळ आणि रोटी हे शब्द मात्र जिवंत होते.

सोमवारी, १ जुलैला, दिवसभर वाऱ्याचा आवाज ऐकत आम्ही बसलो. वादळाचा केंद्रबिंदू आमच्यावरून गेला नाही. तो उत्तरेला, ग्रेनाडाच्याच कॅरियाकू या लहान बेटावरून गेला. आमची नौका चार ओरखड्यांवर वाचली. कॅरियाकूवर मात्र घरांची छपरे उरली नाहीत. तिथल्या टायरेल उपसागराच्या कांदळवनात आश्रयाला गेलेल्या अनेक नौका एकमेकींवर चढून मोडल्या.

त्यांत एक फ्रेंच कुटुंबाची नौका होती. त्यांची मुलगी माझ्या नातीची जिवलग मैत्रीण. कॅरियाकूचा संपर्क पूर्ण तुटला होता. नात दर तासाला आईच्या फोनवरून तिला एकच निरोप पाठवत होती: 'आम्ही इथे आहोत. तुम्ही कसे आहात?' निरोप पोहोचत नव्हता, हे पडद्यावर दिसत होते. दुसऱ्या दिवशी मी तिला म्हणालो, "बाळ, पोहोचतच नाही तर कशाला पाठवतेस?" ती म्हणाली, "आजोबा, संपर्क सुरू झाला की सगळे निरोप एकदम पोहोचतील. मग त्यांना कळेल की आम्ही दर तासाला विचारत होतो."

मी घराबाहेरच्या पायरीवर जाऊन बसलो. अटलांटिकच्या मध्यावर असलेल्या माझ्या मुलीला मी बारा दिवसांत एकही निरोप पाठवला नव्हता. आणि तो तर पोहोचणारा निरोप होता.

दुसऱ्याच दिवसापासून मदतीचे काम सुरू झाले. खाडीतील नौकावाले आणि गावातील माणसे पाणी, अन्न, ताडपत्र्या, औषधे गोळा करू लागली. ती नौकांनीच कॅरियाकूला न्यायची होती. किनाऱ्यावरच्या एका शेडमध्ये ढीग पडला: कुठे तांदूळ, कुठे साबण, कुठे मेणबत्त्या. २०१९ च्या महापुरात आमच्या पेठेतील जुन्या दुकानात पाणी शिरले होते आणि नंतर कित्येक दिवस आम्ही व्यापाऱ्यांनी पूरग्रस्तांसाठी संच बांधले होते. ढीग पाठवला तर बळकटाला मिळते आणि दुबळ्याला मिळत नाही, हे तेव्हा शिकलो होतो. मी मुलीला म्हणालो, "त्यांना सांग, एका कुटुंबाचा एक संच करा. चार माणसे, पाच दिवस." तिने रेडिओवर सांगितले. सूत्रधाराने विचारले, "हे काम कोण पाहील?" आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत मी उत्तर दिले. तीन दिवस मी त्या शेडमध्ये उभा होतो. नात वही घेऊन शेजारी. कोणी मापे घेत होते, कोणी पिशव्या बांधत होते. तो पंचाहत्तरीचा गृहस्थ दोऱ्या कापून देत होता. सोयरीक नाही, देणेघेणे नाही, असे मी ज्यांच्याविषयी म्हटले होते, त्यांची नावे आता मला नौकांसह पाठ झाली होती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी नातीच्या फोनवर उत्तर आले. कोणाच्या तरी उपग्रह-इंटरनेटवरून तिच्या मैत्रिणीने लिहिले होते: 'आम्ही सगळे सुखरूप आहोत. नौका गेली. तुझे सगळे निरोप एकदम मिळाले.' नात हसली आणि मग खूप रडली. ते कुटुंब आता फ्रान्सला परतणार होते. त्या मैत्रिणीची भेट पुन्हा होईलच असे नाही. पाण्यावरच्या जगण्याची ही किंमत आहे, आणि ती मुलांनाच अधिक मोजावी लागते. हे मुलीनेही नाकारले नाही.

त्या रात्री सगळे झोपल्यावर मुलगी आणि मी नौकेच्या मागच्या भागात बसलो होतो. खाडीत प्रत्येक डोलकाठीवर एक दिवा होता. मी विचारले, "काकांच्या वेळी तुला कळवले असते, तर काय करू शकली असतीस? परत फिरणे शक्य नव्हते."

"काहीच करू शकले नसते," ती म्हणाली. "रडले असते. रात्रीच्या पहाऱ्यावर त्यांच्यासाठी णमोकार म्हटला असता. काकू आणि तुम्ही जागे आहात, तर मीही जागी आहे, एवढे झाले असते. आण्णा, ते गेल्यानंतरचे बारा दिवस मी आनंदात होते, गाणी म्हणत होते. ते मला अजून सोसत नाही." थोडे थांबून ती म्हणाली, "माझे यंत्र रोज चालू होते. हाकच आली नाही."

मी तिची क्षमा मागितली. बापाने मुलीची क्षमा मागायची ती संवत्सरीला, रिवाज म्हणून. त्या रात्री मात्र रिवाज नव्हता. मग मी मनातला हेतूही सांगून टाकला: नातीला न्यायला आलो होतो. ती हसली. "नववीच्या आधी आम्ही जमिनीवर राहायला येणार, हे नौका घेतली तेव्हाच ठरले आहे. पाच-सहा वर्षे म्हटले होते ना? कुठे राहायचे ते तिच्याशी बोलून ठरवू. सांगलीचा विचारही त्यात आहे. तुम्ही विचारले असते तर तेव्हाच सांगितले असते."

जुलैच्या मध्यावर आम्ही परतलो. मोतीबिंदूमुळे माझा डावा डोळा वर्षभरापासून अधू झाला होता. वजनकाट्यावरचे आकडे पुसट दिसत. मी चष्म्याचे निमित्त करून मुनिमाला वाचायला सांगत असे. बाजारात कळले तर 'आण्णांची नजर गेली' असे होईल, ही भीती. सकाळी दर्शन झाल्यावर आम्ही सात-आठ जुने व्यापारी मंदिराच्या कट्ट्यावर बसतो. तिथे भाव, पाऊस, राजकारण सगळे निघते. परतल्यानंतर आठवड्याने मी तिथे म्हणालो, "माझा डावा डोळा अधू झाला आहे. मुलगा परगावी आहे. शस्त्रक्रियेसाठी मिरजेला जायचे आहे. कोणीतरी बरोबर यावे असे वाटते."

इतके साधे वाक्य उच्चारताना मला घाम फुटला होता. क्षणभर शांतता पसरली, रेडिओसभेत पहिल्या प्रश्नानंतर पसरते तशी. मग तिघे एकदम बोलले. आणि एकजण म्हणाला, "आण्णा, मलाही उजव्या कानाने ऐकू येत नाही. तीन वर्षे झाली."

आणखी दहा दिवसांनी त्यांच्यापैकी एकजण रात्री नऊनंतर घरी आले. बसले, पाणी प्यायले, आणि बऱ्याच वेळाने बोलले. धंद्यात मोठी खोट आली होती. घरातही माहीत नव्हते. मनात नको नको ते विचार येत होते. "तुम्ही डोळ्याचे सांगितलेत म्हणून आलो," ते म्हणाले. पुढे आम्ही चौघांनी मिळून काय केले, ते इथे लिहिणे योग्य नाही. एवढेच सांगतो, की त्यांची पेढी आजही उघडी आहे आणि ते रोज कट्ट्यावर येतात.

वाचक बंधू-भगिनींनो, आपला समाज दानात मागे नाही. महापूर असो, दुष्काळ असो, आपले हात नेहमी पुढे असतात. हाकेला ओ देणारे आपल्याकडे पुष्कळ आहेत. हाक मारणारे मात्र फार थोडे. पत जाईल, नाव जाईल, सोयरिकी अडतील, या भीतीने आपण आजार झाकतो, खोट झाकतो, घरातले दुःख झाकतो. आणि मग कोणी आले नाही म्हणून समाजाला दोष देतो. माझ्या थोरल्या बंधूंसाठी धावून आली असती अशी पन्नास माणसे याच बाजारात होती. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

व्यापारात झाकली मूठ ठेवावी, हे मी आजही मुनिमाला सांगतो. पण भाव झाकायचा आणि वेदनाही झाकायची, यात फरक आहे. तो आम्हा व्यापाऱ्यांना लवकर कळत नाही. मला तो सत्तरीच्या उंबरठ्यावर, एका बारा वर्षांच्या मुलीने शिकवला.

आता रोज सांगलीत संध्याकाळचे पाच वाजले की मी मुलीला एक निरोप पाठवतो. तेव्हा ग्रेनाडात सकाळचे साडेसात वाजलेले असतात. त्यात विशेष काही नसते. हळदीचा भाव, कृष्णेचे पाणी, आईचे गुडघे. कधी ती समुद्रात असते आणि निरोप दोन-दोन दिवस पोहोचत नाही. तरी मी पाठवतो. पोहोचतील तेव्हा सगळे एकदम पोहोचतील.